५०० चा कार्बोरेटर, ६०० सीएफएम आणि मी गाढव

आधी बुडालेली रक्कम सांगतो, म्हणजे हसायचं तर आत्ताच हसून घ्या. कार्बोरेटर ६४० डॉलर, कुरिअर २८, हातचं गेलेलं बक्षीस १५०, दंड २५०. एकूण १०६८ डॉलर. आणि मी पोटासाठी इंजिनंच बघतो. डिझेलची बघतो, त्यांना कार्बोरेटर नसतो, एवढीच काय ती माझी सबब.

इंडियानातल्या कोलंबसला राहतो. पुण्याहून इंजिनांच्या मागे आलेले इथे पुष्कळ आहेत. शनिवारी रात्री मातीच्या ट्रॅकवर जुनी माँटे कार्लो गाडी आडवी घालणारा येडा मात्र मी एकटाच. पाव मैलाचा ट्रॅक, स्ट्रीट स्टॉकचा वर्ग. नियम असा, की हॉले कंपनीचा ४४१२ हाच टू-बॅरल, म्हणजे दोन घशांचा कार्बोरेटर चालेल, ५०० सीएफएमचा (मिनिटाला ५०० घनफूट हवा सोडणारा), आतून हात न लावलेला.

आता माझं गणित. ३५० घनइंचाचं इंजिन, ६५०० आरपीएम. गुणाकाराला ३४५६ ने भागा, सिलिंडर ८५ टक्के भरतो धरा, ५६० सीएफएम येतात. गणित बरोबर आहे, अजूनही म्हणतो. त्यात टू-बॅरलचा आकडा पाऱ्याच्या ३ इंचांच्या ओढीवर मोजतात आणि फोर-बॅरलचा दीड इंचावर. म्हणजे फोर-बॅरलच्या हिशेबाने हा ५०० वाला जेमतेम ३५४ चा. इंजिन उपाशी राहतंय हे कागदावर दिसत होतं. सगळ्यांचंच राहतं, नियम त्यासाठीच केलाय, हे डोक्यात शिरलं नाही. उपाशी माणसाला कोण काय विकतं ते तुम्हाला सांगायला नको.

जाहिरात होती: 'रेससाठी तयार केलेला ४४१२, तपासणीत पास, फ्लो शीटसह.' फ्लो शीट म्हणजे हवा किती जाते ते मोजल्याचा कागद. त्या शीटवर ६०० सीएफएम. इथे थांबायला हवं होतं. इथेच! आतून कोरल्याशिवाय ५०० वाला ६०० देईलच कसा? तो आकडा वाचून मला शंका यायच्या ऐवजी आनंद झाला. फोटोत घशात अडकलेला गेज (घशाचं माप तपासायचं साधन), वर अंगठा. पैसे 'मित्र-नातेवाईक' पर्यायाने पाठवा म्हणाला, कमिशन वाचतं. कसला मित्र आणि कुठला नातेवाईक! पाठवले.

खोकं उघडलं तेव्हा बायको शेजारी होती. म्हणाली, "अरे, बाहेरून पितळी घंगाळासारखा आणि आतून नव्या स्टीलच्या पेल्यासारखा कसा काय?" सोनेरी मुलामा आतबाहेर सारखाच असतो. व्हेंच्युरीत, म्हणजे घशाच्या अरुंद भागात, तो नव्हता. बोट फिरवलं तर कटरच्या बारीक रेघा नखाला लागल्या. लागल्या! आणि मी तिलाच समजावलं, की धुऊन पाठवलाय, आमचे बाबा चेतकचा कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुवायचे तसा. माप घ्यायचा कॅलिपर तीन फुटांवर ड्रॉवरमध्ये होता. तुमच्याकडे असेल तर शोभेला ठेवू नका.

बरं, गाडी तरी पळाली का? कोपऱ्यातून पेडल दाबलं की आधी गुदमरायची, मग उठायची. घसा रुंद केला की हवेचा वेग पडतो, पेट्रोल वेळेवर ओढलं जात नाही. आणि मातीवर तर कोपऱ्यातून निघण्यातच सगळा खेळ. तिसरा आलो तो पुढचे दोघे-तिघे एकमेकांत अडकले म्हणून.

मग शर्यतीनंतरची तपासणी. व्हेंच्युरी १.३७५ इंचाचा हवा. त्याहून किंचित मोठा गेज वरून सोडतात, तो घशातच अडकला पाहिजे. माझ्यात तो सरळ खाली गेला आणि थ्रॉटल प्लेटवर टक्कन वाजला. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला. निकाल बाद, दंड, कार्बोरेटर जप्त. तपासनीस मागाहून म्हणतो, बसवण्याआधी आणला असतास तर फुकट मोजून दिला असता. हे कुठे लिहिलेलं नसतं, आपण विचारायचं.

पुढचं ऐका. पैशांचं ॲप म्हणतं, तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत. बँक म्हणते, ॲपला विचारा. पोलिसांच्या काउंटरवरच्या पोराने आधी कार्बोरेटर म्हणजे काय तेच विचारलं. पाच मिनिटं समजावलं, तर म्हणे वस्तू मिळाली ना, मग हा दिवाणी मामला. तरी वस्तू आणून दाखवा. वस्तू ट्रॅकवाल्यांकडे जप्त! ते म्हणतात पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात तक्रारच नोंदलेली नाही तर पत्र कसलं? पुण्यातल्या चौकीत हेलपाटे घालायला लावतात म्हणून नावं ठेवत इकडे आलो होतो. ग्राहक तक्रारींच्या सरकारी ऑफिसला सहा पानं धाडली, फोटो आणि फ्लो शीटसकट. सात आठवड्यांनी दोन ओळी आल्या: जुना रेसिंगचा सुटा भाग 'आहे तसा' विकला जातो. फसवून विकला तरी 'आहे तसा'च का, या माझ्या प्रश्नाला अजून उत्तर नाही.

डब्यातला कोरा ४४१२ नंतर मी याहून कमी पैशात घेतला. जुनाच घ्यायचा असेल तर कागदावर तुमचं नाव लिहून, तो शेजारी ठेवून, गेज टाकतानाचा व्हिडिओ मागा. फोटो नको.

त्या माणसाचं खातं गायब आहे. पण गेल्या आठवड्यात तोच फोटो दुसऱ्या नावाने लागलाय, किंमत ६७५ डॉलर. तोच गेज, तोच अंगठा. अंगठ्याच्या नखावर मार लागल्याचा काळा डाग आहे, तेवढा बघून घ्या.