युपीव्हीसी दाराचं कुलूप दुरुस्त केलं, त्याला आठ महिने झाले: वापरानंतरचा अनुभव

इंग्लंडमध्ये रेडिंगला असलेल्या आमच्या घराची युपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची), दुहेरी काचेची दारं-खिडक्या आधीच्या मालकांनी बसवलेली आहेत. वय वीस वर्षांच्या आसपास असेल. गेल्या ऑक्टोबरात पुढच्या दाराचं कुलूप गेलं आणि त्या निमित्ताने दार, दोन खिडक्यांची हँडलं, सगळंच हातात घ्यावं लागलं. दुरुस्ती झाल्या झाल्या लिहिलं नाही, कारण नवं कुलूप पहिले पंधरा दिवस कुणाचंही छानच चालतं. आता हिवाळा काढून झालाय, जूनचा उकाडाही बघून झालाय, तेव्हा खात्रीने लिहिते.

आधी भारतातून नुकतेच आलेल्यांसाठी थोडं. आपल्याकडे फ्लॅटला लॅच असतं, दार ओढून घेतलं की काम झालं. इथल्या युपीव्हीसी दाराचं तसं नाही. दार ओढल्यावर फक्त मधली छोटी जीभ चौकटीत बसते. बऱ्याच पुढच्या दारांना बाहेरचं हँडल दाबून ती जीभ मागे जात नाही, त्यामुळे दार लागलं असं वाटतं, पण कुलूप लागलेलं नसतं. हँडल वर उचललं की दाराच्या कडेच्या लांब पट्टीतून वर-खाली हूक बाहेर येतात आणि चौकटीतल्या खाचांमध्ये अडकतात. त्यानंतर किल्ली फिरवायची, तेव्हा ते हूक जागच्या जागी पक्के होतात. माझ्या सासूबाई (आम्ही त्यांना आई म्हणतो) कराडहून आल्या तेव्हा पहिले काही दिवस दार नुसतं ओढून देवळात जात होत्या. त्यांचा काय दोष, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पाहुणे आले की पहिल्या दिवशी हे हातात हात धरून दाखवा.

आमच्या दाराचं दुखणं जुनं होतं. दोन वर्षं हँडल जड होत चाललं होतं. उन्हाळ्यात जास्त, कारण दार नैऋत्येला आहे आणि दुपारनंतरचं ऊन थेट अंगावर येतं. युपीव्हीसी उन्हाने फुगतं, हे माहीत होतं, म्हणून ‘थंडीत होईल ठीक’ असं म्हणून आम्ही रेटत राहिलो. आई दोन्ही हातांनी हँडल वर ओढायच्या. मुलगा तर खालून खांदा लावायचा. ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि हँडलने मान टाकली. वर करा, खाली करा, काही होईना. दार बंद, हूक चौकटीत, आणि आम्ही मागच्या दाराने ये-जा करतोय.

घाईघाईत फोनवर जो पहिला मिळाला त्याला बोलावलं. फोनवर ४९ पौंड ‘पासून’ म्हणाला होता. येऊन पाच मिनिटं पाहिलं आणि सांगितलं की ही पट्टी आता मिळत नाही, पूर्ण दारच बदला, साडेबाराशे पौंड होतील. येण्याचे पैसे घेऊन गेला. मला त्याच्या बोलण्यापेक्षा आमच्या घाईचा जास्त राग आला. इथे ब्रिटनमध्ये कुलूपवाल्याला सरकारी परवाना लागत नाही, कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून निदान मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशनची मान्यता आहे का ते पाहा आणि फोनवरच एकूण रक्कम विचारा: येणं, मजुरी, सामान, व्हॅट, सगळं धरून. ‘पासून’ या शब्दावर विश्वास ठेवू नका.

दुसरे गृहस्थ शनिवारी सकाळी आले. त्यांचा नंबर लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीत भेटलेल्या एका काकांकडून मिळाला होता. आल्यावर त्यांनी कुलपाकडे पाहायच्या आधी एक प्रश्न विचारला: दार उघडं असताना हँडल कसं चालायचं? आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. दोन वर्षांत हे करून पाहावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहितेय. दार सताड उघडा आणि हँडल वर उचला. हूक हवेत बाहेर येतील. उघड्या दारात हँडल हलकं आणि दार लावल्यावर जड, तर कुलूप बरं आहे, दार खाली उतरलंय, हूक खाचेत न शिरता कडेला आपटतायत. उघड्या दारातही जड असेल तर दोष गिअरबॉक्समध्ये, म्हणजे हँडलच्या मागच्या डबीत. आणि हँडल ठीक पण किल्लीच अडत असेल तर सिलिंडर, म्हणजे किल्ली जिच्यात जाते ती नळी, बघायची. दाराच्या कडेला किल्लीच्या उंचीवर एक लांब स्क्रू असतो. तो काढून, किल्ली थोडीशी फिरवून धरली की सिलिंडर बाहेर ओढता येतं. बाहेर हातात धरून किल्ली फिरवली की लगेच कळतं. हे सगळं दार उघडं ठेवूनच करायचं. तीन मिनिटांचं काम आहे. आम्ही हे दोन वर्षांपूर्वी केलं असतं तर फक्त बिजागऱ्या वर घेऊन भागलं असतं. उतरलेल्या दारावर रोज जोर काढत राहिलो, म्हणून चांगली डबी मोडली.

बंद दार उघडायला त्यांना पाऊण तास लागला. दार आणि चौकटीच्या फटीत हवेच्या चपट्या पिशव्या सरकवून हळूहळू फुगवल्या, त्यामुळे हुकांवरचा ताण सुटला. हँडल आणि सिलिंडर आधीच काढलं होतं. दाराला ओरखडा नाही, चौकटीला नाही.

मग त्यांनी जुनी डबी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून उघडून दाखवली. तळहाताएवढी. आत काळं पडलेलं ग्रीस, त्यात चमचमणारा धातूचा चुरा, दोन तुकडे झालेली स्प्रिंग, आणि ज्या चौकोनी भोकातून हँडलची दांडी जाते त्या चकतीचा कोपराच उडालेला. आईंनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “एवढंसं हे, आणि आपण याच्या उरावर दोन वर्षं बसलो.” चौकटीतल्या खालच्या खाचेवरही पुरावा होता: पत्र्याच्या खालच्या कडेला घासून घासून चकाकणारी रेघ. हूक रोज तिथे आपटत होता. दार तीन-चार मिलिमीटर उतरलं होतं, बस्स.

पूर्ण पट्टी बदलावी लागली नाही. मधली डबी दोन-तीन स्क्रूंवर सुटी होते आणि तेवढीच बदलता येते. बनावटीचं नाव बहुतेक वेळा दाराच्या कडेच्या पट्टीवर कोरलेलं असतं. आमचं झिजून गेलं होतं, म्हणून मापावरून जुळवलं. दोन मापं महत्त्वाची. पट्टीच्या दर्शनी बाजूपासून हँडलच्या दांडीच्या मध्यापर्यंतचं अंतर, ते आमचं ३५ मिमी. आणि दांडीच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं, ते ९२ मिमी. हे ९२ इथे खूप दारांना असतं, पण म्हणून न मोजता मागवू नका. हँडलची जोडीही बदलली, कारण जुन्याच्या स्प्रिंगा मेल्या होत्या. हँडल सोडल्यावर आडवं न राहता खाली झुकत असेल तर समजा की स्प्रिंग गेली, आणि तो सगळा भार आतल्या डबीवर पडतोय. हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर जुन्याइतकंच घेतलं, नाहीतर दाराला नवी भोकं पडतात आणि जुनी उघडी राहतात.

बिजागऱ्या त्यांनी अॅलन कीने वर घेतल्या, तिन्ही थोड्या थोड्या, सारख्या प्रमाणात. मागचं दार मात्र पूर्ण काचेचं आहे आणि तेही घासत होतं. तिथे बिजागरीचा उपयोग झाला नाही. त्यांनी काचेभोवतीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्या आणि काचेच्या खाली बिजागरीच्या कोपऱ्यात आणि तिरक्या समोर, वरच्या कुलपाकडच्या कोपऱ्यात, पातळ प्लास्टिकच्या चिपा घातल्या. काच स्वतः तिरक्या आधारासारखी काम करते आणि दाराचा लोंबता कोपरा उचलून धरते. मला हे नवीन होतं. काच म्हणजे दारावरचं ओझं असंच मी समजत होते.

सिलिंडर बदलायचं आम्ही ठरवलं नव्हतं, पण जुनं हँडलच्या बाहेर पाच-सहा मिलिमीटर डोकावत होतं. साधं सिलिंडर स्क्रूच्या भोकापाशी सर्वांत कमकुवत असतं. बाहेर आलेला भाग पकडीने धरून तिथे मोडला की चोराला दार उघडायला फार वेळ लागत नाही. म्हणून टीएस ००७ या सिलिंडरच्या सुरक्षेच्या ब्रिटिश मानकाचं, काइटमार्क (दर्जाचं चिन्ह) आणि तीन तारे असलेलं घेतलं. त्याचा बाहेरचा तुकडा ठरलेल्या रेषेवर मोडतो आणि मधला भाग शाबूत राहतो. मोजताना स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून बाहेरची आणि आतली बाजू वेगवेगळी मोजायची. आमची ४० आणि ४५ आहे, एकूण ८५ म्हणून चालत नाही. आतून किल्लीऐवजी फिरवायचा खटका घेतला. रात्री आग लागली तर आईंनी अंधारात किल्ली शोधत बसू नये, एवढाच विचार. पण दाराला पत्रपेटीची फट असेल तर बाहेरून काठी घालून तो खटका फिरवता येऊ शकतो. आमच्या फटीला आतून झाकण बसवलं, ते वेगळं विकत आणलं.

एकूण खर्च: डबी, हँडलची जोडी, सिलिंडर, दोन्ही दारांची मजुरी धरून २८५ पौंड. साडेबाराशेच्या पुढे मला तो वाजवी वाटला आणि आजही वाटतो.

आता आठ महिन्यांचं सांगते. डिसेंबर-जानेवारीत दाराखालून येणारा गार वारा बंद झाला. हे अपेक्षित नव्हतं, पण दार नीट बसल्यावर रबर सगळीकडे दाबलं जातंय. आई आता दोन बोटांनी हँडल उचलतात. आवाजही बदललाय. आधी खडाड् व्हायचं, आता एक मऊ ‘टप्’. मार्चमध्ये हुकांना पांढरं लिथियम ग्रीस लावलं आणि सिलिंडरमध्ये कोरडा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) फवारा मारला. किल्लीच्या भोकात तेल घालू नका, ते धूळ धरून ठेवतं आणि वर्षभरात किल्ली पुन्हा अडायला लागते. जूनच्या उकाड्यात सलग चार दिवस दुपारी हँडल किंचित जड वाटलं. उघड्या दारात तपासलं, हलकंच होतं. मग मीच मधल्या बिजागरीचा स्क्रू पाव फेरा फिरवला आणि काम झालं. दोन वर्षांपूर्वी हे मला जमलं नसतं.

न आवडलेली गोष्ट म्हणजे जादा किल्ल्या. या सिलिंडरची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात बनत नाही, सोबतचं कार्ड दाखवून मागवावी लागते. आठवडा गेला आणि पैसेही बरेच पडले. सुरुवातीलाच पाच मागून घ्या.

खिडक्यांची हँडलं मात्र मी स्वतः बदलली, आणि तुम्हीही बदलू शकता. मुलाच्या खोलीतलं हँडल कुलूपबंद होतं आणि त्याची किल्ली आम्हाला घराबरोबर मिळालीच नव्हती. वरच्या मजल्यावरची झोपायची खोली, आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची एकमेव खिडकी उघडत नाही, ही गोष्ट लक्षात आल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. इथल्या नियमात अशा खिडकीची उघडी जागा किमान ०.३३ चौरस मीटर आणि रुंदी-उंची किमान ४५० मिमी सांगितली आहे. पण किल्लीच नसेल तर त्या मापांना काय अर्थ? आता नवीन हँडलची किल्ली खिडकीशेजारी, लहानग्या पाहुण्यांचा हात पोचणार नाही पण मुलाचा पोचेल अशा खिळ्यावर आहे.

हँडलचे दोन स्क्रू टोप्यांखाली असतात. त्यांच्यातलं अंतर ४३ मिमी, ते बहुतेकांचं तेवढंच असतं. फसगत होते ती दांडीच्या लांबीत. मी पहिल्यांदा ३० मिमीची मागवली. हँडल फिरत होतं, पण खिडकी जागची हलेना, कारण दांडी आतल्या यंत्रापर्यंत पोचतच नव्हती. ४० ची हवी होती. जुनं हँडल काढून, बैठकीच्या सपाट तळापासून दांडीच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. हँडल सरळ आहे की डावं-उजवं वाकडं, तेही जुनं समोर धरून बघा.

काही जण विचारतात की यासाठी फेन्साचं, म्हणजे खिडक्या-दारं नियमांप्रमाणे बसवल्याचं, प्रमाणपत्र लागतं का. ते किंवा तत्सम प्रमाणपत्र पूर्ण खिडकी किंवा काचेचं दार बदललं तर लागतं, २००२ पासून. नुसतं कुलूप, हँडल, बिजागरी बदलायला लागत नाही. घर विकताना वकिलाने विचारलं तर हेच सांगायचं. बिलं मात्र जपून ठेवा, आमच्या डबीला एक वर्षाची हमी आहे.

बाथरूमची खिडकी अजून राहिली आहे. ती बंद करताना वरचा कोपरा बाहेरच राहतो, म्हणजे हँडल नाही, सरकती बिजागरी गेलीय. १२ इंची, १३ मिमी जाडीची जोडी मागवली आहे, दोन्ही बाजूंची एकदमच बदलणार. येत्या रविवारी नवरा खिडकी बाहेरून धरेल, मी आतून स्क्रू लावीन.