तळ उतरवलेल्या व्हॅनचे हादरे: शॉकअप, बफर की हवेचे फुगे?

सोलापुरात सात रस्त्यावरून होटगी रोडला लागलं की पहिल्याच गतिरोधकावर मागून आईचा आवाज यायचा, "हळू रे!" मी जेमतेम वीसच्या वेगात असायचो. आमच्या व्हॅनला मागून रॅम्प, मागचा तळ कापून खाली घेतलेला आणि आईची व्हीलचेअर बरोबर मागच्या चाकांवर. पुढच्या सीटवर जे नुसतं डुलणं वाटतं, तिथे तो सरळ कण्यात बसणारा दणका असतो. म्हणून गॅरेजात गेलात तर मिस्त्रीला मागे बसवा आणि गाडी तुम्ही चालवा. नाहीतर "काय नाय हो, बरी आहे की" एवढंच उत्तर मिळतं.

पैसे घालण्याआधी एक ओळखायचं: गाडी आदळते की थरथरते? दोन्हींचे इलाज एकमेकांच्या उलटे. पानटपरीवरचा चुना मागच्या एक्सलवरच्या रबरी बंप स्टॉपरला (स्प्रिंग पूर्ण दबली की टेकणारा रबराचा ठोकळा) बोटभर फासा आणि खुर्चीसकट नेहमीच्या रस्त्याने फेरी मारा. स्टॉपर जिथे टेकतो तिथे चुन्याचा ठसा उमटला, तर गाडी तळाला आदळतेय; स्प्रिंगला भार पेलत नाही. ठसा नाही आणि तरी दात वाजतात, तर स्प्रिंग भाराच्या मानाने फार कडक झालीय.

थरथरणाऱ्या गाडीत आधी टायरची हवा बघा. पंपावरची पोरं सरसकट ३५ भरतात. दारातल्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरचा आकडा दिलेला असतो, तेवढीच ठेवा. त्याखाली मात्र जाऊ नका. आणि मोजायची सकाळी. मे महिन्यात आपल्याकडे ४२ अंशांत तापलेला टायर खोटाच आकडा दाखवतो.

शॉकअप भार उचलत नाही, स्प्रिंगची उसळी आवरतो. खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा हिंदकळत असेल किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं, तर मागची जोडी बदला. चांगले शॉकअप असूनही गाडी आदळत असेल, तर पुन्हा नवे घालून फार फरक पडायचा नाही.

बफर, म्हणजे स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे रबराचे तुकडे, कुणीही आधी सुचवतो. स्वस्त, जॅक लावून पटकन बसतात, आदळणंही कमी होतं. पण तेवढी वेटोळी जखडली जातात आणि स्प्रिंग आणखी कडक होते. साधी घडीची खुर्ची वीसेक किलोच्या आत असते. तेवढ्यासाठी बफर घालणं म्हणजे आदळणं घालवून थरथर विकत घेणं. आम्ही तेच केलं आणि पंधरा दिवसांत काढून टाकले. मागे कॉइलऐवजी, म्हणजे वेटोळ्यांच्या स्प्रिंगऐवजी, पाटे असतील तर हे बफर बसतच नाहीत.

जाड स्प्रिंग किंवा एक पाटा जादा हा उपाय बॅटरीच्या खुर्चीसाठी. जड असेल तर ती एकटीच शंभर किलोच्या आसपास जाऊ शकते. खुर्ची कायम गाडीतच राहणार असेल, तर बेलाशक करा. पण तीच गाडी रिकामी घेऊन तुळजापूरला निघालात, तर बैलगाडी बरी म्हणाल.

भार रोज बदलत असेल तर कॉइलच्या आत बसणारे हवेचे फुगे सरस. दुकानात नुसतं एअरबॅग म्हणू नका, अपघातात फुगणारी समजतात. खुर्ची चढली की हवा वाढवायची, रिकामी असताना कमीत कमी ठेवायची. गच्च भरले तर तेही दगडच. शिवाय मागची बाजू उचलली गेली की रॅम्प उभा होतो आणि ढकलणाऱ्याचा दम निघतो. पंधरा दिवसांनी हवा बघायचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊ नका.

आम्हाला सगळ्यात जास्त गुण आला तो खुर्ची वीतभर पुढे घेतल्याने, दोन्ही एक्सलच्या मधे. खुर्ची जखडणाऱ्या पट्ट्यांचे हुक मात्र ज्या वर्कशॉपने तळ कापला त्यांच्याकडूनच हलवून घ्या. पत्र्याला भोक पाडून वेल्डिंग मारून देणाऱ्याकडून नको. चारही पट्टे ताठ हवेत, नाहीतर गाडी एक उडी मारते आणि खुर्ची दुसरी.

आईने आधी स्वतःच एक उपाय काढला होता: सोलापुरी चादर चौपदरी करून बुडाखाली. ती सरकायची, तिची वळी व्हायची आणि संध्याकाळी मांडीवर लाल वळ दिसायचा. चादर बंद केली, हवेच्या कप्प्यांची गादी आणली. आता होटगी रोडला "हळू रे" ऐकू येतं ते मी खरंच जोरात असलो तरच.