चिमणीवरचा ऑनलाइन मापक: स्वस्त मॉडेल नेमके कुठे फसवते

जैववैद्यकीय (रुग्णालयांच्या) कचऱ्याच्या भट्टीच्या चिमणीवर थंड-कोरड्या पद्धतीचा, म्हणजे धूर थंड करून त्यातली वाफ काढून मग मोजणारा, गॅस अ‍ॅनालायझर स्वस्त पडतो, पण हायड्रोजन क्लोराइड या आम्लवायूसाठी तो निरुपयोगी. धूर थंड करणाऱ्या चिलरमध्ये वाफेचे पाणी झाले की हा वायू त्यातच विरघळतो. पडद्यावर दिसतात घनमीटरला 3-4 मिलिग्रॅम, मर्यादा 50ची, सगळे खूश! गरम-ओल्या पद्धतीचा, म्हणजे वाफेसकट गरम धूर अवरक्त किरणांनी मोजणारा, एफटीआयआर महाग आहे, तरी घ्यायचा तोच. प्रोबपासून (चिमणीतून वायू ओढणाऱ्या टोकापासून) सेलपर्यंतची (मोजणीच्या कप्प्यापर्यंतची) नळी साधारण 180 अंशांवर हवी. मध्येच एखादा हीटर बंद पडला, तर तिथे आम्ल साचून नळी खाते.

ऑक्सिजन सेन्सरवर काटकसर नको. 2016च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांतल्या मर्यादा 11 टक्के ऑक्सिजनला धरून आहेत. बाहेरची हवा शिरून ऑक्सिजन 17 टक्के झाला, तर आकड्याला (21-11)/(21-17), म्हणजे अडीचने गुणायचे. दिसणारे 30 खरे तर 75 असतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरवर कच्चा आकडा जातो की सुधारलेला, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. स्पॅन गॅसची (मापक तपासायच्या, प्रमाण ठाऊक असलेल्या वायूची) सोयही प्रोबच्या टोकाशी हवी. अ‍ॅनालायझरच्या मागे दिला तर नळीची गळती कळतच नाही.

भट्टीच्या दुसऱ्या कक्षाचा (जिथे धूर पुन्हा जाळतात) थर्मोकपल, म्हणजे तापमापक, बर्नरच्या ज्योतीसमोर बसवलेला असेल, तर तो दाखवतो त्या 1,050 अंशांवर विश्वास ठेवू नका. तो कक्षातून वायू बाहेर पडतो तिथे बसवायला हवा.

डायॉक्सिन हे जळताना तयार होणारे विषारी रसायन यातले कोणतेच मॉडेल मोजत नाही. त्यासाठी चिमणीतून नमुना घेऊन प्रयोगशाळाच गाठावी लागते. कार्बन मोनॉक्साइड कमी म्हणजे डायॉक्सिन नाही, हे विक्रेत्यांचे आवडते वाक्य; पण वायू थंड होताना 450 ते 200 अंशांदरम्यान रेंगाळला की डायॉक्सिन पुन्हा तयार होते.