वजन उतरवायचं, पण गावात राहून: कोणती पद्धत कोणाला झेपते?

मी कृषी केंद्र चालवतो. युरियाची बोरी 45 किलोची असते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तीन वर्षांपूर्वी मृग कोरडा गेला, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सहज खताच्या काट्यावर उभा राहिलो. 91 किलो. दोन बोऱ्या आणि वर किलोभर. हमालानं आकडा वाचला आणि म्हणाला, "भाऊ, तुमाले गाडीत टाकाले दोन माणसं लागतीन."

उंची साडेपाच फूट. आपल्याकडच्या लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 23 च्या वर गेला की वजन जास्त आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात. माझा 32 च्या वर होता. ज्याच्या घरी हे गणित जमत नसेल त्यानं शिंप्याची टेप घ्यावी: पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या पुढे आणि बाईची 80 च्या पुढे गेली, तर पोटात चरबी साचते आहे असं समजावं.

तेव्हापासून मी दोन पद्धती स्वतः केल्या, आणि दोन-तीन घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी केलेल्या जवळून पाहिल्या. हल्ली दुकानात बी-बियाण्याइतकंच लोक मला हे विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

आधी एक गोष्ट, म्हणजे पुढचं भांडण वाचेल. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 609 माणसांचे दोन गट केले. एकाला वर्षभर कमी चरबीचं खाणं दिलं, दुसऱ्याला कमी पिठूळ (कमी कार्बोहायड्रेटचं). 2018 साली निकाल आला: एका गटाचं सरासरी वजन सव्वापाच किलोच्या आसपास उतरलं, दुसऱ्याचं सहा. फरक नगण्य. पण एकाच गटात कोणी 25 किलोहून जास्त उतरलं, तर कोणाचं वाढलं! म्हणजे 'कोणती पद्धत भारी' या प्रश्नात फारसा दम नाही. वेचणीच्या महिन्यात, लग्नसराईत आणि मे महिन्याच्या 45 अंशांत आपल्याकडून कोणती सुटणार नाही, एवढंच पाहायचं.

दोन वेळा जेवण

आपल्या काटोलचे आमदार राहिलेले डॉ. श्रीकांत जिचकार यांची ही मांडणी. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती घरोघरी नेली. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, तेव्हाच जेवायचं, जेवण 55 मिनिटांत संपवायचं. मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. शिवाय रोज 45 मिनिटं चालणं.

मी हीच आधी धरली, कारण हिला खर्च शून्य. वेगळा स्वयंपाक नाही, मोजमाप नाही, लक्षात ठेवायला नियम एकच. पहिल्या तीन महिन्यांत साडेपाच किलो गेले. खाल्लं की इन्सुलिन वाढतं, म्हणून कमी वेळा खा, असं मी सगळ्यांना समजावत सुटलो होतो.

पण एक दिवस गल्ल्यावर बसून हिशेब मांडला. कृषी केंद्रात चहा कसा असतो ते माहीत आहे. कंपनीचा माणूस आला, चहा. उधारी मागायची आहे, चहा. उधारी द्यायची नाही, तरी चहा. दिवसाचे आठ अर्धे कप, प्रत्येकात दीड चमचा साखर, म्हणजे जवळपास 55 ते 60 ग्रॅम. नुसत्या साखरेच्या सव्वादोनशे कॅलरी, दूध वेगळं. त्यासोबत येणारा आलूबोंडा तर मी कधी जेवणात धरलाच नव्हता. दोन वेळांच्या नियमानं हे सगळं एका फटक्यात बंद केलं. चीनमध्ये 139 लठ्ठ माणसांवर वर्षभर असाच प्रयोग झाला, 2022 साली छापून आला. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या, एका गटानं त्या ठरावीक आठ तासांतच खाल्ल्या. दोघांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. माझं मत तेव्हापासून असं आहे की ही पद्धत घड्याळामुळे कमी आणि मधलं खाणं तुटल्यामुळे जास्त चालते. चालते मात्र नक्की.

कोणाला झेपते? दुकानदार, शिक्षक, बँकेतला, ग्रामपंचायतीतला, ज्याचं जेवण त्याच्या हातात आहे त्याला. कोणाला नाही? निंदायला जाणाऱ्या बाईला. ती पाचला उठते, नऊला दोन घास खाऊन निघते, दुपारी धुऱ्यावर डबा सोडते, रात्री सगळ्यांचं झालं की जेवते. तिला यातलं कोणतं जेवण सोड म्हणणार? उन्हात राबणाऱ्यानं उपाशी राहण्याचं खूळ घेऊच नये. आणि ज्यांना साखरेची गोळी चालू आहे, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी, किंवा इन्सुलिन आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय एक जेवणही चुकवू नये. साखर एकदम खाली जाऊन माणूस गाडीवरून पडतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, वाढत्या वयाच्या पोरांनीही या वाटेला जाऊ नये.

माझी ही पद्धत मोडली ती एप्रिलमध्ये. अकरा लग्नं होती. "काहून नाही जेवत? आमच्या घरचं अन्न चालत नाही का?" हे ऐकून घेण्याची माझी ताकद चौथ्या मांडवात संपली. जूनपर्यंत तीन किलो परत.

दर दोन तासांनी थोडंथोडं

हे दुसरं टोक. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलेलं आहे: दिवसाची सुरुवात चहानं करू नका, थोड्या थोड्या वेळानं खा, आपल्या भागातलं खा, तुपाला घाबरू नका. 'आपल्या भागातलं खा' हे मला शंभर टक्के पटतं. वेळेचं मात्र गावात अवघड जातं.

माझ्या साळ्यानं ही पद्धत केली. एसटीत कंडक्टर आहे. सकाळी निघतो, रात्री घरी येऊन भुकेला तुटून पडायचा. त्यानं खिशात फल्लीदाणे आणि फुटाणे ठेवायला सुरुवात केली आणि रात्रीच्या चार पोळ्या दोनवर आल्या. अशा माणसाला ही उत्तम. मी केली असती तर फसलो असतो. मूठभर फल्लीदाण्यांत दीडशेच्या वर कॅलरी असतात, आणि माझी मूठ दुपारपर्यंत वाटी होते.

पावडर आणि सुई

यावर फार लिहीत नाही. तालुक्याच्या गावी सकाळी जेवणाऐवजी पावडरचा शेक पाजतात, काटा असतो, टाळ्या असतात. पावडरमध्ये दम नाही असं म्हणता येणार नाही. ब्रिटनमध्ये 2017 सालच्या एका मोठ्या प्रयोगात डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने फक्त अशा पेयांवर ठेवलेल्या मधुमेहींपैकी 46 टक्के लोकांची साखर वर्षअखेर गोळीशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. पण तिथे देखरेख होती आणि पुढे जेवणावर परत आणायची शिस्त होती. इथे डबा विकणाराच सल्लागार. आमच्या घरातल्या एकानं चार महिने पैसे घातले, सात किलो उतरवले, मग त्यालाच पुढे डबे विकायला बसवलं. डबे अजून माळ्यावर आहेत, किलो परत आले.

सुई म्हणजे आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं. मौंजारो मार्च 2025 मध्ये आपल्या देशात आलं, वेगोव्ही जूनमध्ये. भूकच कमी होते, वजन खरंच उतरतं. पण वेगोव्हीतलं औषध बंद केलेल्यांवर लक्ष ठेवलं तेव्हा उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं होतं. म्हणजे बीपीच्या गोळीसारखं हे लांबचं लग्न आहे. वजन फार जास्त असेल, साखर आटोक्यात येत नसेल, तर चांगल्या डॉक्टरशी बोलावं. पाच-सात किलोसाठी आणि मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून अजिबात नाही.

घरचंच ताट, पण पिप्यावर तारीख

सध्या मी यावर आहे, म्हणून इथे जरा जास्त बोलणार.

आमच्या घरी पाच माणसं, तेलाचा 15 किलोचा पिपा. बायकोनं एकदा खडूनं पिप्यावर उघडल्याची तारीख लिहिली. 75 दिवसांत संपला. म्हणजे माणशी रोज 40 ग्रॅम. एक ग्रॅम तेल म्हणजे 9 कॅलरी, तेव्हा 360 कॅलरी नुसत्या तेलाच्या. बसून काम करणाऱ्याला 25 ते 30 ग्रॅमच्या आत भागवायला हवं. आमच्या रश्श्यावर बोटभर तर्री असल्याशिवाय पाहुण्याला वाढायची लाज वाटते, हे खरंच आहे. पण रोजच पाहुणा नसतो. तिनं कढईत बुधलीनं ओतणं बंद केलं आणि पळी धरली. आता पिपा चार महिने जातो. माणशी 25 ग्रॅम. वाचलेल्या 15 ग्रॅमचे वर्षाचे कागदावर सहा किलो होतात. अंगावरून त्याहून कमी उतरतात, कारण शरीर हलकं झालं की त्याला जळणही कमी लागतं. पण घरात कोणाला वेगळी भाजी लागली नाही, कोणी उपाशी राहिलं नाही, आणि पाचही जणांचं उतरलं. आपल्या घरांत वेगळी भाजी पंधरा दिवस होते, सोळाव्या दिवशी करणारी कंटाळते. तिचं चूक नाही.

भाकरीबद्दल एक गैरसमज दूर करतो. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच. भाकरीचा फायदा दोन गोष्टींत: तिला तेल लागत नाही, आणि ती चावायला वेळ लागतो म्हणून दुसरीवर हात थांबतो. चार भाकरी खाऊन कोणी बारीक होत नाही. भंडारा-गोंदियाकडच्यांनी भाकरीचा हट्ट धरूच नये. तिकडे धान पिकतं, भातच खावा, फक्त वाटीनं मोजावा. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात 130 च्या आसपास कॅलरी असतात. रेशनवर बहुतेक गहू-तांदूळच मिळतो, हेही सल्ला देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

कमी पडतं ते प्रोटीन. गंमत बघा, आपल्याच वावरातलं सोयाबीन बाजार समितीत जातं आणि तेल होऊन घरी येतं. त्यातलं प्रोटीन ढेपेबरोबर कोंबड्यांना. वरण पातळ करून पुरवायची आपली सवय, त्यात तूर शोधावी लागते. घट्ट वरण, झुणका, मोड आलेली मटकी, चालत असतील तर दोन अंडी, यानं भूक थांबते. पावसाळ्यात तरोटा, घोळ, अंबाडी फुकट आहे. उन्हाळ्यात भाजी महाग आणि शिळी, तेव्हा वाळल्या वालाची, चवळीची उसळ.

उपासाचं एका ओळीत: साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पीठ, त्यावर दाण्याचा कूट आणि तेल. एकादशीला माझं वजन वाढायचं.

चालण्यावर जास्त भरवसा ठेवू नका. माझ्या वजनाच्या माणसाला 45 मिनिटांत दीड-दोनशे कॅलरी जळतात, एका आलूबोंड्यात तेवढ्या परत. तरी मी चालतो, कारण बंद केलं की उतरलेलं परत येतं हे दोनदा पाहिलं. मे महिन्यात पहाटे साडेपाचच्या आत, नाहीतर नाहीच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. माझ्या वहिनीनं सगळ्या पद्धती करून पाहिल्या आणि एकही टिकली नाही. आम्ही म्हणायचो, तिचा निश्चय कच्चा. एकदा दिवाळीत मी रात्री उशिरापर्यंत स्वयंपाकघरात बसलो होतो. सगळ्यांची जेवणं झाली, मग ती बसली. पोरानं टाकलेली अर्धी पोळी, कढईतला तळाचा रस्सा, त्यातच सगळं तेल, आणि "एवढासा भात कोठी ठेवू आता" म्हणून दोन वाट्या भात. तिच्या ताटात तिनं वाढून घेतलेलं काहीच नव्हतं. दोन वेळा खा की सहा वेळा, अशा बाईला काय फरक पडणार?

तिच्यासाठी आम्ही एकच केलं. स्वयंपाक झाला की पहिलं ताट तिचं वाढायचं, झाकून ठेवायचं. जेवायचं तिला वाटेल तेव्हा, पण तेच. उरलेलं गाईच्या टोपल्यात. पहिला महिना तिच्या सासूबाईंच्या कपाळावर आठ्या होत्या, "बाईनं आधी ताट काढून ठेवावं, असं आमच्यात नव्हतं." वर्षात वहिनीचे सहा किलो उतरले आणि गुडघा वाजायचा थांबला. तेव्हापासून सासूबाई स्वतःच तिचं ताट झाकतात.

तर ठरवताना असं करा. महिनाभर काहीच बदलू नका. पिप्यावर तारीख टाका, चहाचे कप मोजा, दर सोमवारी एकाच काट्यावर उभे राहा. तीस वर्षांवरचे असाल तर उपकेंद्रात बीपी-साखर फुकट तपासतात, ती बघून घ्या. कप जास्त निघाले तर दोन जेवणांची पद्धत धरा. रात्री तुटून पडत असाल तर खिशात फुटाणे. पिपा लवकर संपत असेल तर पळी. आणि घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणारी कोणी असेल, तर तिचं ताट आधी.

मी आज 81 वर आहे. बीएमआयच्या हिशेबानं अजून जाडाच, पण दहा टक्के उतरलं आणि साखर, बीपी दोन्ही खाली आलं. मागच्या लग्नसराईत दीड किलो वाढलं होतं, ते मृगापर्यंत गेलं. यंदा मांडवात मी जेवतो, एकदाच वाढून घेतो, आणि त्या दिवशी दुकानात चहा सांगत नाही.