मोर्झिनच्या उतारासाठी सायकल घरची की भाड्याची?

तुळजापूरच्या घाटाजवळच्या मुरमाड उतारांवर रविवारी सकाळी भेटणारे आम्ही सोलापूरचे सात-आठ जण आहोत. त्यांपैकी तिघे डाउनहिलसाठी, म्हणजे लिफ्टने वर जाऊन सायकलने डोंगर उतरण्यासाठी, आल्प्समध्ये जाऊन आलो आहोत आणि आणखी दोघे येत्या जूनच्या तयारीत आहेत. कुठे जायचे हे त्या दोघांचे ठरले आहे. अडले आहे ते सायकलीपाशी. ती इथून न्यावी, की तिथे गेल्यावर भाड्याने घ्यावी? मी पहिल्या वर्षी हात हलवत गेलो आणि फ्रान्समधल्या मोर्झिन गावात सायकल भाड्याने घेतली. दुसऱ्या वर्षी माझी १५० मिलिमीटर ट्रॅव्हलची (म्हणजे सस्पेन्शन तेवढे दबणारी), चढ-उतार दोन्हींना चालणारी ट्रेल बाइक बॅगेत घालून नेली. दोन आठवड्यांच्या अनुभवावर कोणी अंतिम निर्णय देऊ नये हे मान्य करून, मला काय जाणवले तेवढे सांगतो.

मोर्झिन, ले जे, शातेल आणि सीमेपलीकडचे स्वित्झर्लंडमधील शांपेरी ही गावे पोर्त द्यू सोलेय या एकाच विस्तीर्ण पट्ट्यात येतात, आणि एका पासवर दोन्ही देशांतल्या लिफ्ट वापरता येतात. ले जे येथे २००४ आणि २०२२ साली, तर शांपेरी येथे २०११ साली माउंटन बाइकची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. यावरून तिथले उतार कोणत्या दर्जाचे आहेत याची कल्पना यावी. मोर्झिन गाव साधारण हजार मीटर उंचीवर आहे आणि गावालगतच्या प्लेने डोंगराची लिफ्ट तुम्हाला सुमारे पंधराशे मीटरवर सोडते. दिवसात दहा फेऱ्या केल्या तर पाच हजार मीटर उतरणे होते, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेली तीन कळसूबाई शिखरे एका दिवसात. आमच्याकडे अख्ख्या पावसाळ्यात मिळून एवढा उतार होत नाही. त्यामुळे जी सायकल इथे उत्तम चालते ती तिथे सहा दिवस टिकेल का, ही शंका रास्त आहे.

भाड्याच्या सायकलीचा पहिला आणि मोठा गुण याच शंकेचे उत्तर देतो. दुकानात मिळते ती २०० मिलिमीटर ट्रॅव्हलची, दुहेरी क्राउनच्या (वर-खाली दोन ठिकाणी जखडलेल्या) पुढच्या फोर्कची, जाड आवरणाच्या टायरची खरी डाउनहिल सायकल. हजारो लोकांनी वळणाआधी ब्रेक दाबून दाबून जमिनीला पन्हाळी पत्र्यासारख्या ज्या लाटा आणलेल्या असतात, त्या प्लेनेच्या मुख्य वाटेवर दुपारनंतर फार त्रास देतात. भाड्याची सायकल त्यांच्यावरून अशी जाते की मनगटांना खाली काय चालले आहे याचा पत्ताही लागत नाही. काही बिघडले तर संध्याकाळी दुकानात उभी करावी. सकाळी ती दुरुस्त होऊन मिळते किंवा दुसरी मिळते. प्रवासही सुटसुटीत होतो. सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पाठीवर एक पिशवी आणि हातात हनुवटीपर्यंत झाकणारे फुल-फेस हेल्मेट घेऊन निघालो, तेव्हा मी डाउनहिलला चाललो आहे असे कोणाला वाटलेही नसेल. हेल्मेट, नी-पॅड आणि हातमोजे मात्र दोन्ही परिस्थितींत आपलेच न्यावेत; दुसऱ्याच्या घामाने भिजलेला नी-पॅड घालण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझे पारडे झुकले ती सांगतो. ती ऐकायला क्षुल्लक वाटेल.

आपल्याकडे सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. मोटरसायकलचाही तसाच, आणि स्कूटरवर तर डावा हात मागचा आणि उजवा पुढचा, अगदी सायकलीसारखे. शाळेत सायकलने जाणारा आणि पुढे तीस वर्षे सोलापूरच्या रहदारीतून दुचाकी काढणारा माणूस या गोष्टीचा विचार करत नाही. त्याची बोटे तो करतात. फ्रान्समध्ये हे उलटे असते. तिथे डावा लिव्हर पुढच्या चाकाचा आणि उजवा मागच्या. दुकानदाराने विचारले नाही, मी सांगितले नाही, आणि दुकानाबाहेर दोन गोल फेऱ्या मारल्यावर मला वाटले की हे जमेल.

सपाटीवर जमतेच. दुसऱ्या फेरीला झाडीतल्या एका तीव्र वळणावर, जिथे रात्रीच्या पावसाने मुळे ओली झाली होती, मला फक्त मागचे चाक थोडे रोखायचे होते. बाभळीच्या काट्यांना आणि मुरमाला सरावलेल्या आम्हा लोकांना ओल्या मुळाची निसरड ठाऊकच नसते. तेव्हा अशा जागी पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही एवढे एकच सूत्र मी पाठ करून गेलो होतो. ते सूत्र मी प्रामाणिकपणे पाळले आणि डाव्या हाताची दोन बोटे घट्ट दाबली. पुढचे चाक जागीच थांबले, मी हँडलवरून पुढे गेलो आणि शेवाळात खांद्यावर पडलो. हाड वाचले, अंगठा मुरगळला. पण खरे नुकसान त्यानंतरचे आहे. उरलेले पाच दिवस प्रत्येक वळणाआधी मनात एक उजळणी चालू राहिली की डावा म्हणजे पुढचा, आणि डाउनहिलमध्ये वळणाआधी जो अर्धा सेकंद हातात असतो तो त्या उजळणीतच संपत असे. दुपारी थकवा आला की बोटे पुन्हा जुन्या वळणावर जात.

ब्रेक बदलून का घेतले नाहीत, असे कोणी विचारील. मोर्झिनमध्ये इंग्रज मंडळी मोठ्या संख्येने येतात आणि त्यांची सवय आपल्यासारखीच आहे, त्यामुळे दुकानांना ही मागणी नवी नाही. पण सगळे ब्रेक सारखे नसतात. स्रॅम कंपनीचे बरेच लिव्हर दोन्ही बाजूंना बसतात आणि अदलाबदल सहज होते. शिमानोचे लिव्हर डाव्या-उजव्या हातांसाठी वेगळे असल्याने तेलाच्या नळ्या सोडवून दुसऱ्या लिव्हरला जोडाव्या लागतात आणि नंतर त्यांतली हवा काढावी लागते. माझी सायकल शिमानोची होती आणि हंगामाची गर्दी होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ते काम करून दिले, पण हवा पुरती निघाली नसावी. लिव्हर हँडलपर्यंत मऊ जात असे. उलटा पण घट्ट ब्रेक बरा की सुलटा पण भुसभुशीत, यावर रात्री जेवताना बराच खल झाला. मी चौथ्या दिवशी पुन्हा उलटा करून घेतला.

दुसऱ्या वर्षी म्हणूनच घरची सायकल. हा मार्ग सुखाचा आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. सायकल पंधरा किलो आणि बॅग जवळपास नऊ. मार्केट यार्डातल्या ओळखीच्या आडत्याकडे, कांद्याच्या गोण्या ज्यावर चढतात त्याच काट्यावर बॅग ठेवली तेव्हा ती विमानाच्या तेवीस किलोच्या मर्यादेबाहेर गेली. पेडल आणि हत्यारे दुसऱ्या बॅगेत हलवली. फ्रेमला सोलापुरी चादर गुंडाळली, जिच्यासारखे दणकट पॅकिंग मला तरी दुसरे सापडलेले नाही. चाके काढल्यावर दोन्ही कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेक पॅड जिथे बसतात त्या भागांत, पुठ्ठ्याचे तुकडे घातले, कारण प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग रोटर, म्हणजे चाकावरची ब्रेकची चकती, आत जात नाही. एवढी मोठी बॅग रेल्वेच्या डब्यात नेणे अवघड, म्हणून मुंबईपर्यंत गाडी करावी लागली. इतके करूनही जिनिव्हाला बॅग आमच्या विमानाबरोबर आली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली आणि उघडून पाहतो तर डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकलेला. हा भाग ज्या त्या फ्रेमचा वेगळा असतो आणि परगावी मिळेलच याचा भरवसा नसतो, म्हणून सुटा हँगर मी सोबत नेला होता. तो नसता तर हा लेख कदाचित उलट दिशेला गेला असता.

उतारावर माझी सायकल अर्थातच कमी पडली. प्लेनेच्या त्या लाटांवर हात ठणकले, चौथ्या दिवशी मागच्या रिमला पोचा पडला आणि निघताना नवे घातलेले ब्रेक पॅड सहाव्या दिवशी पत्र्याला आले. जाण्याआधी मी पुढचा रोटर १८० ऐवजी २०३ मिलिमीटरचा करून घेतला होता; तो न करता कोणी ट्रेल बाइक नेऊ नये, असे सुचवीन. टायरही जाड आवरणाचे हवेत. घड्याळ लावले असते तर भाड्याच्या सायकलीवर मी जास्त वेगाने खाली आलो असतो की नाही, सांगता येत नाही. एवढे मात्र खरे की आदल्या वर्षी पडलो होतो ते वळण मी दुसऱ्याच दिवशी, पुन्हा पावसात, विचार न करता घेतले. खाली आल्यावर लक्षात आले की कोणता हात दाबला हे मला आठवतच नव्हते.

खर्चाचे गणित मला वाटले होते तितके एकतर्फी निघाले नाही. बॅग, विमानाचे सामान, मुंबईची गाडी, पॅड आणि रिम हे सारे धरता माझ्या आठवड्याचा हिशेब भाड्याच्या जवळपासच आला. मात्र बॅग पुढच्या खेपेलाही उपयोगी पडते. युरोप पाहायला कुटुंबासह जाणाऱ्याने आणि त्यातले दोनच दिवस उतारावर घालवणाऱ्याने सायकल वाहून नेऊ नये, त्याने भाड्यानेच घ्यावी. ज्याच्याकडे शंभर-सव्वाशे मिलिमीटरची हलकी सायकल आहे त्यालाही माझा तोच सल्ला राहील. पण आरक्षण करतानाच लेखी कळवावे की पुढचा ब्रेक उजव्या हाताला हवा, आणि ब्रेक कोणत्या कंपनीचे आहेत तेही विचारून घ्यावे. सायकल ताब्यात घेताना दुकानातच दोन्ही लिव्हर दहा-दहा वेळा दाबून पाहावेत. पूर्ण आठवडा जाणाऱ्या आमच्या त्या दोघांपैकी एकाने मागच्या रविवारी माझी बॅग मोजून नेली आहे. दुसरा अजून भाड्याच्या बाजूचा आहे, पण तो स्कूटर चालवत नाही.