सिक्युअरड्रॉप : नाव न सांगता पत्रकाराला गाठताना

पत्रकाराने नाव न छापण्याचे वचन कितीही प्रामाणिकपणे पाळले, तरी सूत्राने केलेला पहिला फोन किंवा पाठवलेला पहिला ईमेल कुठेतरी नोंदला गेलेला असतोच. सिक्युअरड्रॉप ही मोफत, मुक्तस्रोत (जिचा संगणकीय कोड कुणालाही पाहता येतो अशी) प्रणाली या पहिल्या संपर्कासाठीच घडवलेली आहे. प्रोग्रामर ॲरन स्वॉर्ट्झ, पत्रकार केव्हिन पोल्सन आणि संगणक-सुरक्षा तज्ज्ञ जेम्स डोलन यांच्या कामातून ती उभी राहिली. ‘द न्यू यॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकाने मे २०१३ मध्ये तिचे मूळ रूप ‘स्ट्राँगबॉक्स’ या नावाने सुरू केले आणि त्याच वर्षी फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशनने ती हाती घेऊन तिला आजचे नाव दिले.

सूत्राच्या वाट्याला येणारे काम थोडेच आहे. टोर ब्राउझरमध्ये (वापरणाऱ्याचे ठिकाण लपवणाऱ्या ब्राउझरमध्ये) वृत्तसंस्थेचा ओनियन पत्ता, म्हणजे फक्त टोरमधूनच उघडणारा संकेतस्थळाचा पत्ता, उघडला, की एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या सात शब्दांचे एक सांकेतिक नाव मिळते. खरे नाव, फोन क्रमांक किंवा ईमेल विचारलाच जात नाही. मजकूर लिहिता येतो, ५०० एमबीपर्यंतची फाइल जोडता येते, आणि हे सारे कूटबद्ध होऊन वृत्तसंस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर जमा होते. मूळ रचनेत पत्रकार ते इंटरनेटला न जोडलेल्या स्वतंत्र संगणकावर नेऊन मगच उघडतो. सूत्राचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीची ओळख सांगणारा क्रमांक) नोंदवलाच जात नसल्याने उद्या न्यायालयाने मागणी केली, तरी हवाली करण्याजोगे फारसे काही उरत नाही, आणि माझ्या मते या प्रणालीचे सर्वांत मोठे बलस्थान हेच आहे.

वापरातली गैरसोय मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. उत्तर आल्याची कोणतीही सूचना सूत्राला मिळत नाही. त्यालाच पुन्हा टोर उघडून, तेच सात शब्द टाकून पाहावे लागते. ते शब्द हरवले तर संवाद तिथेच तुटतो. घाईच्या देवाणघेवाणीसाठी सिग्नल हे कूटबद्ध संदेशांचे ॲप अधिक सोयीचे आहे, आणि २०२४ पासून तिथे समोरच्याला फोन क्रमांक न देता वापरकर्तानावाने बोलता येते. पण खाते उघडण्यासाठी क्रमांक लागतोच.

सिक्युअरड्रॉप पाठवण्याचा मार्ग झाकते. पाठवलेल्या कागदाची जबाबदारी बऱ्याच अंशी सूत्राकडेच राहते. छायाचित्रात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असू शकतात, वर्ड फाइलमध्ये लेखकाचे नाव राहते, आणि अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर फिकट पिवळे ठिपके उमटवतात, ज्यांवरून यंत्राचा अनुक्रमांक आणि छपाईची वेळ काढता येते. कार्यालयाच्या नेटवर्कवरून टोर वापरले, तर तुम्ही काय पाहिले हे कळले नाही तरी टोर वापरल्याचे कळू शकते. शिवाय पाठवलेला अहवाल मुळात चारच जणांकडे गेला असेल, तर कोणतेही तंत्रज्ञान कामास येत नाही. (अशा वेळी कागद न पाठवता पत्रकाराने तो कुठे मागावा, एवढेच सांगणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.)

बातमीत सूत्राचा उल्लेख कोणत्या शब्दांत होईल, हेही ही प्रणाली ठरवत नाही. ‘विभागातील सूत्रांनी’ आणि ‘बैठकीला उपस्थित असलेल्या अधिकाऱ्याने’ या दोन शब्दयोजनांमध्ये एखाद्याची नोकरी जाण्याइतके अंतर असू शकते. म्हणून पहिल्या संदेशात फक्त अटी लिहाव्यात, आणि पत्रकाराकडून त्या मान्य असल्याचे स्पष्ट उत्तर येईपर्यंत एकही फाइल जोडू नये.