संभाजीनगरातलं संशोधन सल्ला केंद्र: आकडेमोड पक्की, प्रश्नावली कच्ची

खेड्यांतल्या सर्वेक्षणासाठी हे केंद्र नमुना, म्हणजे किती जणांना विचारायचं ते, नीट काढतं. ९५ टक्के विश्वासपातळी (निष्कर्षावर किती भरवसा) आणि ५ टक्के चूकमर्यादा (आकडा किती इकडेतिकडे चालेल) धरली की ३८५ जण येतात. त्यावर गळतीसाठी, म्हणजे उत्तर न देणाऱ्यांसाठी, दहा टक्के जास्त घेतात. घोडं अडतं ते प्रश्नावलीवर. ‘एकरी उत्पादन किती?’ एवढंच विचारतात. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक असेल तर क्षेत्र कोणत्या पिकाचं धरायचं? रान बटईनं असेल तर सांगितलेला आकडा निम्म्या वाट्याचा की पूर्ण मालाचा? आधी वीस-पंचवीस जणांवर पूर्वचाचणी, म्हणजे प्रश्नावलीची तालीम, घेतली तर हे लगेच उघडं पडतं, पण ती मागितल्याशिवाय होत नाही. करारातच लिहून घ्या. कच्चा डेटा एक्सेलमध्ये देतात. प्रबंध लिहून द्यायला मात्र साफ नकार. आमच्या मते हीच खरी जमेची बाजू.